दोन शिड्या

कुरुदला, सासरच्या घराच्या पुढच्या खोलीत, पायल बारावीच्या मुलींना बायोलॉजी शिकवायची. त्या संध्याकाळी तिनं खाटेच्या नवारीच्या दोन पट्ट्यांमध्ये काड्या बांधून केलेली डीएनएची शिडी खिळ्याला टांगली आणि खालून पीळ दिला. आत तिची दोन वर्षांची लेक, मैत्री, कण्हत होती. हातपाय सुजलेले. दुपारीच डॉक्टरांनी सांगितलं होतं, सिकलसेल. नुसता वाहक नव्हे, पूर्ण आजार.

"बाजूच्या पट्ट्या साखर अन् फॉस्फेटच्या. मधली एकेक पायरी म्हणजे जोडी. ए-समोर टी, जी-समोर सी. या अक्षरांचा क्रम वाचून पेशी प्रोटीन बनवते."

"मतलब मॅडम, एक पट्टी मम्मीची अन् एक पप्पाची?" दामिनीनं विचारलं.

"नाही गं, इथंच सगळे चुकतात. आईकडून अख्खी शिडी येते, वडिलांकडून दुसरी अख्खी. हिमोग्लोबिनच्या शिडीत एका ठरलेल्या जागी ए-ऐवजी टी आला, की रक्तपेशी विळ्यासारखी वाकते. एका शिडीत चूक असली तर दुसरी सांभाळून घेते. दोन्हींत असली तर..."

"उद्या पाहू," म्हणून तिनं मुलींना घरी पाठवलं.

स्वतःच्या शिडीतली चूक तिला ठाऊक होती, लग्नाआधीच तिनं ती सांगितली होती. "आम्ही पत्रिका नाही पाहत, रक्त पाहतो," असं तिचे बाबा, जानराव, अभिमानानं म्हणाले होते. नवऱ्या मुलाचा, राजदीपचा, रिपोर्ट स्वच्छ आला आणि त्याच दिवशी पेढे वाटले गेले.

राजदीप प्लांटमधून आला तेव्हा सासूबाई, गिरजाबाई, दुपारचंच दळण दळत होत्या. "हिच्याच घरचं आलं हे. आमच्यात कोणालेच नाही."

पायलनं शिडीला बोट लावलं. "आई, लेकराले आजार व्हायले अशा दोन लागतात. एक माझी. दुसरी कोणाची?"

"ते तूच सांग बाई."

पायल नवऱ्याकडे पाहत राहिली. तो हेल्मेट हातात धरून उंबऱ्यातच उभा होता.

"आई, चूप बस," तो म्हणाला. मग खालच्या आवाजात, "रक्त बबलूनं दिलं होतं. माझ्या नावावर."

बबलू, त्याचा दोस्त. वरातीत सगळ्यात जास्त नाचलेला. गिरजाबाईंनी पदर सारखा केला. त्यांनाही माहीत होतं.

"कावून?"

"तू नाही म्हटलं असतं."

"म्हटलंच असतं. पण मैत्री पोटात होती तेव्हा? तेव्हा तरी सांगता आलं असतं ना! तपासणी झाली असती."

"तूच शिकवते ना, चारात एक चान्स? मले वाटलं, आपलं नाही होणार."

तिनं शिकवलेलंच त्यानं वापरलं होतं. आत जाऊन तिनं मैत्रीचे गरम तळवे हातात धरले.

दुसऱ्या दिवशी मुली आल्या तेव्हा दाराशी बॅग भरून ठेवलेली होती.

"दोन्हींत चूक असली तर लेकरू आजारी होते," पायलनं कालचं वाक्य पूर्ण केलं. "म्हणून लग्नाआधी रक्त द्यायले दोघांनी सोबत जायचं. सुई त्याच्याच हातात जाताना आपल्या डोळ्यानं पाहायची."

मुली हसल्या. "इतना शक, मॅडम?"

आतल्या खोलीत राजदीप होता. त्याला ऐकू जात होतं.

पायलनं शिडी खिळ्यावरून काढली, पीळ सोडवला, गुंडाळून बॅगेत ठेवली. "पुढचा धडा उतईले, माझ्या बाबांच्या घरी," ती म्हणाली आणि मैत्रीला आणायला आत गेली.