हिरवी बत्ती

निफाडच्या पुढे, गोदावरीवरच्या धरणाच्या फुगवट्याजवळ रेल्वेचं एक फाटक आहे. दर हिवाळ्यात मी नाशिकच्या गंगापूर रोडवरून तिथे करकोचे बघायला जाते, आणि फाटकवाल्या धोंडीरामभाऊंना भेटायलाही. माणूस भला, पण हट्टी किती, तर अडून बसलेल्या म्हशीनेही हात जोडावेत. हे मी त्यांच्या तोंडावर सांगितलेलं आहे.

गाडी जाताना त्यांनी बत्ती घेऊन उभं राहायचं आणि चाकांवर नजर ठेवायची. कुठे काही लोंबतंय, धूर येतोय असं दिसलं तर लाल दाखवायची, नाहीतर हिरवी. शेवटच्या डब्यातून गार्डही हिरवी दाखवतो. म्हणजे दोन्हीकडे सगळं ठीक.

त्यांची एकुलती एक लेक योगिनी या फाटकावरच वाढली. करकोच्यांचा पहिला थवा कोणाला आधी दिसतो, यावर बापलेकीची दरवर्षी पैज लागायची. ती मालगाडीवर गार्ड झाली तेव्हा यांनी गावभर पेढे वाटले. पुढे तिने जातीबाहेर लग्न केलं आणि यांनी तिला घराचं दार बंद केलं. त्यांची बायको कुसाबाई मनमाडला जाऊन लेकीला चोरून भेटायच्या. हे गेले नाहीत.

पण तिन्हीसांजेची मालगाडी आठवड्यातून दोनदा तरी तिचीच असायची. ती शेवटच्या डब्यातून बत्ती हलवायची, आणि हे चाकांकडे बघत आपली हिरवी धरायचे. अशी दोन वर्षं गेली.

"नियमच हाय ताई, चाकाकडं बघायचं," असं वर मलाच ऐकवायचे. माझा नुसता संताप व्हायचा.

गेल्या वर्षी पहिला थवा आला त्या संध्याकाळी मी तिथेच होते. योगिनीने बत्ती आभाळाकडे उंचावली. करकोचे ओरडत डोक्यावरून चालले होते. धोंडीरामभाऊंनी मान वर केली नाही. खाली येताना तिची बत्ती कापत होती. मला वाटलं, गाडीच्या हिसक्यांनी.

नवव्या दिवशी ती तापाने गेली.

यंदा थवा आला तेव्हा भाऊ आपण होऊन वर बघत राहिले. पक्षी पाण्यावर उतरले तरी त्यांची मान खाली येईना.

"ताई, मी चाकाकडं कधीच नाय बघितलं," ते म्हणाले. "ती असली का डोळ्याच्या कोपऱ्यातून तिलाच बघायचो. त्या दिशी तिचा हात कापत व्हता. मला दिसला व्हता. गाडीत जरा बिघाड दिसला, तं मी लाल दाखवितो. अन् पोरीचा हात कापताना दिसला, तं हिरवी दाखिवली."

मला रडू आवरेना. हट्टी म्हणून इतकी वर्षं मीही त्यांना नुसती बोलतच आले होते.

तेवढ्यात भोंगा वाजला. ते उठले, उपरण्याने डोळे पुसून बत्ती घेऊन उभे राहिले. मालगाडी धडधडत गेली. शेवटच्या डब्यातून कोणा अनोळखी गार्डने हिरवी दाखवली. धोंडीरामभाऊंनीही दाखवली. निवृत्तीला अजून दोन वर्षं आहेत. तोवर रोज संध्याकाळी, सगळं ठीक आहे असं त्यांना दाखवावंच लागणार.