तिसगावचं पाकीट

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तिसगावच्या गयाबाईची गोष्ट लोक माझ्या तोंडून हौसेनं ऐकतात — आणि मी दर वेळी ती अर्धीच सांगतो.

आधी ती अर्धी ऐका. फार देखणी आहे ती.

बहात्तरचा दुष्काळ नुकता सरला होता. मी सोनईजवळच्या भुईमुगाच्या प्रयोगाच्या मळ्यावर मदतनीस होतो. भुईमुगावर तेव्हा टिक्का फार — पानावर काळे ठिपके, मग पानगळ, मग शेंगा पोचट. मळ्याच्या साहेबांनी नवं वाण काढलं होतं. सोनईत त्याला ठिपका म्हणून लागला नाही. पण तिसगावकडची बुरशी वेगळ्या जातीची निघाली तर? म्हणून तिथली, गयाबाईच्या रानातली रोगट पानं मी जाऊन आणायची आणि नव्या वाणावर लावून बघायची, असं ठरलं. पानांचं पाकीट आलं, पानं लावली, वाण स्वच्छ राहिलं. पुढच्या खरिपात बी तिसगावला गेलं.

आणि गयाबाईच्या रानात सगळं काळं पडलं.

निम्मं तिसगाव पेरायचं ते गयाबाईच्या घरचं बी. तिनं दिलं म्हणजे निवडूनसुद्धा घ्यायचं नाही, असा तिचा शब्द. अशा बाईबद्दल मी साहेबांना काय सांगितलं असेल? — हिनं आपलं जुनं बी मिसळलं. नोंदवहीत तसं लिहिलंसुद्धा. गावभर झालं. आता तिच्या दारात बियाला कोण येणार होतं?

ती एसटीनं सोनईला आली. टोपल्यात रोगट पानं, वर ओलं फडकं. साहेबांसमोर उभी राहिली.

"तुमच्या हातानं लावलेली दोन रोपं घ्या. एकाला हितल्या पानाचं विरजन लावा, एकाला माझ्या. मग सांगा मिसळ कुनी केली ती."

साहेब हसले. पण लावलं. दोन कुंड्या, दोन्हींत तेच नवं वाण. पंधरा दिवस मीच पाणी शिंपडलं — आणि रोज सकाळी आधी तिसगावच्या कुंडीकडे बघायचं टाळलं. का, ते कळेलच.

गयाबाई पुन्हा आली तेव्हा सोनईची कुंडी नितळ हिरवी होती. तिसगावची ठिपक्यांनी भरून गेली होती! साहेब ओरडलेच, "रोग एक, पण जाती दोन!" शाळा न शिकलेल्या बाईनं हे दाखवलं होतं. मग ते माझ्याकडे वळले — गेल्या वर्षी कसं दिसलं नाही? मी म्हणालो, वर्षात बुरशी पालटली असेल.

"गेल्या साली आमच्या रानात आल्ता म्हना की, भाऊसाहेब," गयाबाई मला म्हणाली. "मंग आमचं कुत्रं कसं भुंकलं न्हाई? लई वळखीचं दिसता त्याच्या!"

सगळे हसले. सगळ्यांत मोठ्यानं मी.

बाजाराच्या दिवशी ती ठिपक्यांची कुंडी कमरेवर घेऊन, भरली घागर आणावी तशी, भर तिसगावातून चालत गेली. माणसं वजन करायची थांबली. कुणीतरी ओरडलं, "गयाआत्या, औंदा बी आमालाच आधी!" त्यानंतर गयाबाईच्या रानातल्या रोगट पानांचं विरजण लावून बघितल्याशिवाय एकही वाण आमच्या मळ्याबाहेर पडलं नाही. काय तो दिवस होता! आजही सांगताना ऊर भरून येतो — खरंच येतो.

आता उरलेली अर्धी.

बुरशी पालटली नव्हती. मी तिसगावला गेलोच नव्हतो. पानं आणायला जायचं त्याच दिवशी सासऱ्यांना घोडेगावच्या बाजारात बैलजोडी घ्यायची होती. दिवसभर मी बैलांचे दात बघत हिंडलो, परत येऊन आमच्याच मळ्याच्या कडेची मूठभर रोगट पानं तोडली, पाकिटात घातली आणि वर लिहिलं — तिसगाव. सोनईचीच बुरशी दोनदा तपासली गेली. मिसळ केली होती ती मी. आणि नाव घेतलं तिचं.

साहेबांच्या अहवालात अजून 'बुरशी एका वर्षात पालटली' असंच आहे. गयाबाईला खरं माहीत होतं. ती त्या एका थट्टेपलीकडे कधी बोलली नाही.

त्या बाजारात दुसरी कुंडी माझ्या हातात होती. सोनईची, माझ्या पाकिटातल्याच बुरशीची — हिरवीगार, एकही ठिपका नसलेली. गयाबाईच्या मागोमाग ती छातीशी धरून मी ऐटीत चाललो होतो.