काकीची गाणी उघडत नाहीत

मित्रांनो, आज जव्हारहून आल्यापासून मन थाऱ्यावर नाही.

आमची काकी धवलेरी होती. आमच्याकडे गाणी गाऊन लग्न लावते ती धवलेरी. गेल्या पावसाळ्यात ती देवाघरी गेली. तिची सगळी गाणी आम्ही आधीच लॅपटॉपवर भरून ठेवली होती. पुढच्या महिन्यात मुलीचं लग्न आहे, म्हणून आज लॅपटॉप घेऊन कॉम्प्युटरच्या दुकानात गेलो.

दुकानदार म्हणाला, "काका, गाणी आत आहेत, पण ज्या सॉफ्टवेअरमध्ये भरली त्याचं लायसन्स संपलंय. कंपनीही बंद झाली. दुसऱ्या कशात ही फाइल उघडत नाही."

बायको सोबत होती. ती म्हणाली, "गळा आमच्या काकीचा, मग कुलूप कोणाचं रे बाबा?"

लॅपटॉप तसाच पिशवीत घालून घरी आलो.

सॉफ्टवेअर फुकट मिळालं म्हणून घेतलं, किल्ली कोणाकडे राहणार हे विचारलं नाही. पण त्याहून मोठी चूक वेगळीच. पूर्वी पोरी धवलेरीच्या मागे बसून तिचा शब्द उचलायच्या. गाणी लॅपटॉपात आहेत म्हटल्यावर आमच्यातली एकही बसली नाही. काकी एकदा म्हणाली होती, "आता माझं काय काम? तुमचा डबा गाईल." आम्ही हसलो होतो.

संध्याकाळी देवापुढे दिवा लावून मुलगी आणि मी आठवत बसलो. दोन ओळींच्या पुढे काही आलं नाही.

पोशेरा, सूर्यमाळकडे कोणी धवलेरी अजून गात असेल, तर तिच्या पाड्याचं नाव कळवाल का? मुलगी म्हणते, लग्नाआधी जेवढं येईल तेवढं शिकते.