वाघोली एक्सप्रेसची चिठ्ठी

मानपान, रुसवेफुगवे, शंका-कुशंका हे सगळं लग्नातच काय ते होतं, असा माझा समज होता. मग आम्ही ऑनलाइन ग्रुपवर एक गेमिंग कन्सोल फुकट द्यायला काढला! तेव्हापासून माझ्याकडे इतके किस्से साठलेत, की माहेरी फोन केला की आई म्हणते, "तू बरी आहेस ना? हं, आता ग्रुपचं सांग."

त्याचं असं झालं. ओंकारला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, ऑफिसच्या मित्रांनी लग्नात सरप्राइज म्हणून कन्सोल दिला. कॉलेजच्या मित्रांनीही सरप्राइज म्हणून कन्सोलच दिला. तोच, त्याच रंगाचा! सासूबाई म्हणाल्या, "दोन मिक्सर आले असते तर एकात चटणी तरी केली असती."

ओंकार 'कंट्रोलर कट्टा' नावाच्या ग्रुपचा ॲडमिन. पुण्यातले दोनेकशे गेमर त्यात. जादाचा कन्सोल कट्ट्यावर लकी ड्रॉ काढून द्यायचा असं ठरलं, आणि कारभार माझ्याकडे आला. का? तर म्हणे, "तू फार बोलत नाहीस, तुझ्याशी कोण भांडणार?" हा माणूस कसबा पेठेत लहानाचा मोठा झालाय, हे खरं वाटत नाही.

*

नियम मी चारच लिहिले. प्रवेश मोफत. एका आयडीची एकच चिठ्ठी. ॲडमिनच्या घरच्यांना भाग घेता येणार नाही. बक्षीस आमच्या घरी येऊन न्यावं.

दहा मिनिटांत पहिला मेसेज. "घरी येऊन म्हणजे चहा आहे, की नुसतंच?"

दुसरा मेसेज हातभर लांब. माझ्या चार नियमांत त्याने सात चुका काढल्या होत्या. मी सातही मुकाट्याने दुरुस्त केल्या, आभार मानले आणि नोंदणीसाठी आयडी विचारला.

"मी भाग घेत नाहीये. पण चूक ती चूक!"

*

खरं सांगायचं तर एकच आयडी जिंकावा असं मला मनातून वाटत होतं. 'वाघोली एक्सप्रेस'. ड्रॉ काढणाऱ्याने असं वाटून घ्यायचं नसतं, पण वाटतं ते वाटतंच.

सकाळी या आयडीवरून मेसेज यायचा, "ताई, नाश्ता झाला का? ड्रॉ कधी होऊन राहिला?" संध्याकाळी त्याच आयडीवरून, "कृपया ड्रॉची तारीख कळवावी." चौथ्या दिवशी मी विचारलं, "तुम्ही दोघं आहात का?"

उत्तर आलं, "ताई, कोणाले सांगू नका."

यवतमाळकडचे प्रवीण आणि नीलेश. वाघोलीत खोली एक, कन्सोल एक, आयडी एक. एकाची दिवसपाळी, एकाची रात्रपाळी, त्यामुळे भागत होतं. आता तो जुना कन्सोल कायमचा बंद पडला होता. "हा लागला तर खेळू ताई, नाहीतर संपलं आमचं."

मी कुणाला सांगितलं नाही. नियमात 'एका आयडीची एकच चिठ्ठी' असं लिहिलं होतं. माणसं मोजायचा नियम नव्हता.

*

ड्रॉसाठी ओंकारने कॉम्प्युटरवर फिरणारं चक्र आणलं. चाचणी म्हणून एकदा फिरवलं, तर काटा थांबला तो नेमका त्याच्या ऑफिसमधल्या मित्राच्या नावावर. "फिक्स! फिक्स!" कट्टा पेटला. शेवटी ठरलं : कागदाच्या चिठ्ठ्या, स्टीलचा डबा आणि सगळं व्हिडिओवर लाइव्ह.

चिठ्ठ्या सासूबाईंनी दुमडल्या, एकेक आयडी मोठ्याने वाचत.

"'सायलेंट किलर'! हा कोण गं?"

"दातांचे डॉक्टर आहेत, आई."

"वाटलंच."

*

ड्रॉला चार दिवस असताना वाघोली एक्सप्रेसचा मेसेज आला. "ताई, चिठ्ठी माझ्या एकट्याच्या नावावर करा. नीलेश मांजरी गावाले राहाले गेला. आमचं बोलणं बंद हाये." पाच मिनिटांत त्याच आयडीवरून, "चिठ्ठी माझ्या नावे ठेवावी. प्रवीणशी माझा संबंध नाही."

मी विचारलं, भांडलात कशावरून? दोन्हीकडून एकच उत्तर आलं. "कुकर." कुकर कुणी घासायचा, यावरून पाच वर्षांची दोस्ती तुटली होती.

गंमत म्हणजे आयडी एकच, त्यामुळे दोघं एकमेकांचे सगळे मेसेज वाचत होते आणि उत्तरं मला देत होते! "ताई, त्याले सांगा, आयडी मी काढला." "मॅडम, त्याला सांगा, जुना कन्सोल माझा होता."

मी एकच लिहिलं, "चिठ्ठी आयडीची आहे."

*

ड्रॉचा मान सासऱ्यांना. ते निवृत्त शिक्षक. डोळ्यांना सासूबाईंची ओढणी बांधून त्यांनी आधी चारही नियम तोंडपाठ म्हणून दाखवले. मग डब्यात हात घातला, तर एकात एक अडकून दोन चिठ्ठ्या बाहेर! स्क्रीनवर लगेच "फिक्स!"चा पाऊस. ओंकारने तो वाचून दाखवला.

पट्टी बांधलेल्या अवस्थेतच सासरे गरजले, "ज्याला शंका असेल त्याने उभं राहावं!"

कुणी उभं राहिलेलं दिसलं नाही. दोन्ही चिठ्ठ्या परत डब्यात गेल्या, डबा पुन्हा हलवला. या वेळी एकच आली. मी उलगडली आणि मोठ्याने वाचली.

"वाघोली एक्सप्रेस."

कट्ट्यावर अभिनंदनाचा धडाका. मी त्या आयडीला लिहिलं, "रविवारी अकराला घरी या."

*

रविवारी अकराला प्रवीण आला. अकरा पाचला नीलेश. सोफ्याच्या दोन टोकांना दोघं, मध्ये पोह्यांच्या बशा. नजर समोरच्या बंद टीव्हीवर.

ओंकारने मला स्वयंपाकघरात गाठलं. "आता काय करायचं? परत ड्रॉ काढू या?"

"आणि त्या सात चुकांवाल्याने आठवी काढली तर?" मी म्हटलं. "अहो, तुम्ही दोन पिशव्या द्या."

मी खोकं उघडलं. एका पिशवीत कन्सोल आणि वायरी भरल्या, ती प्रवीणला दिली. दुसऱ्या पिशवीत खेळताना हातात धरायचा एकुलता कंट्रोलर, ती नीलेशला. "एका आयडीचं एकच बक्षीस. दिलं."

दोघंही पिशव्यांत बघत राहिले. चहा संपला. सासूबाईंना वाकून नमस्कार झाला, तोही एकेकट्याने. मी गॅलरीत जाऊन उभी राहिले.

खाली गल्लीत प्रवीण डावीकडे वळला, नीलेश उजवीकडे. चार पावलं गेल्यावर नीलेश थांबला आणि मागे न बघताच म्हणाला,

"वाघोलीहून मांजरीले शेवटची बस कितीले असते बे?"

"बस कायले पायजे तुले?" प्रवीण म्हणाला. "गादी हाये ना तुही तिथंच. कुकरबी तसाच हाये!"