आगाशेसरांचा फिरता फणस

समजा, तुमच्या मागच्या पडवीत एक गॅसची शेगडी उभी आहे. स्वयंपाकघरातली नव्हे. चार पायांची, वर घुमटासारखं झाकण असलेली, परदेशात लोक सुट्टीच्या दिवशी अंगणात जिच्यावर मांस भाजतात ती, बार्बेक्यू ग्रिल. मस्कतची नोकरी संपवून परतलेल्या तुमच्या मेव्हण्याने ती आणली, त्याच्या ठाण्याच्या फ्लॅटमध्ये ती मावेना, म्हणून मोठ्या मनाने तुम्हाला भेट दिली. ती बनवणारी कंपनी केव्हाच बुडाली. आता तुम्हाला तिला नव्या जमान्याचे अवयव बसवायचे आहेत: मोटरवर फिरणारी सळई, धूर करायची पेटी आणि झाकणावरचा तापमापक. तिन्ही खोक्यांवर लिहिलं आहे की हे कुठल्याही ग्रिलला बसतं. हातात पाना आहे, ड्रिल आहे. करा सुरुवात.

सुरुवात करण्याआधी ‘पण कशाला?’ असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल, तर तुम्ही दत्तात्रेय आगाशे नव्हेत.

आगाशेसर रत्नागिरीत पॉलिटेक्निकला यंत्र शाखेचे अधिव्याख्याते होते. उष्णता हा त्यांचा विषय. बॉयलरची कार्यक्षमता त्यांनी पिढ्यान्‌पिढ्यांना शिकवली आणि त्या काळात घरी एकदाही स्वतः चहा केला नाही. निवृत्त झाल्यावर भाट्याच्या पुलापलीकडच्या त्यांच्या घरात मागच्या बाजूला तीन खोल्या काढल्या आणि पाहुण्यांसाठी घरगुती राहण्याजेवणाची सोय सुरू केली. पाटीवर ‘आगाशे’ असं नाव होतं. पण पुण्यामुंबईहून लोक यायचे ते सरांच्या पत्नीसाठी, कमलाकाकूंसाठी. काकूंच्या हातचं फणसाचं सांदण, काकूंची डाळिंबी उसळ, काकूंची सोलकढी. निघताना पाहुणे काकूंच्या पाया पडत, डोळ्यांत पाणी आणून म्हणत, काकू, आईची आठवण झाली. मग सरांकडे वळून विचारत, गाडी काढायला गेट पूर्ण उघडेल का?

सर गेट पूर्ण उघडत. वायफायचा पासवर्डही तेच सांगत. एका पाहुण्याने तर त्यांना, काका, तुम्ही इथे किती वर्षं कामाला आहात, असंही विचारलं होतं. त्या रात्री सर ताक न घेता उठले.

तेव्हापासून त्यांच्या मनाने एक गोष्ट धरली. फार मोठी नव्हे. या घरच्या पंगतीत आपण केलेला एक पदार्थ वाढला जावा, आणि कोणीतरी, एका तरी माणसाने, तो पुन्हा मागून घ्यावा. स्तुती नको. स्तुती लोक रीतभात म्हणूनही करतात. पुन्हा मागून घेतलं, तर ते खरं.

स्वयंपाकघरात हे शक्य नव्हतं. तिथे काकूंचं राज्य होतं आणि सरांना उंबऱ्याच्या आत फक्त नारळ फोडण्यापुरता परवाना होता. उरली पडवीतली ग्रिल. ताडपत्रीखाली इतकी वर्षं ती गंजत पडली होती, आणि तिच्यावर काकू पावसाळ्यात पायपुसणी वाळत घालत.

सरांनी शास्त्रशुद्ध अभ्यास केला. म्हणजे रोज दुपारी झोपायच्या वेळेत मोबाइलवर व्हिडिओ पाहिले. त्यांत टोप्या घातलेले धष्टपुष्ट गोरे पुरुष जुन्या ग्रिलला नवे सुटे भाग बसवत आणि बसला की हसत. त्यांचे भाग बसत होते. सरांनीही मागवले.

सरांचे भाग आले, पण बसले नाहीत. सळईच्या मोटरची पट्टी जिथे लावायची तिथे भोकं नव्हती आणि जिथे भोकं होती तिथे पट्टी पोचत नव्हती. सर पट्टी पिशवीत घालून राम आळीत सलिलच्या हार्डवेअरच्या दुकानात गेले. सलिल त्यांचा जुना विद्यार्थी. रत्नागिरीत सरांची हीच मोठी अडचण होती. दुकानदार, गॅरेजवाला, वायरमन, सगळे विद्यार्थी. आणि उष्णतेच्या पेपरात सरांनी ज्याला एकदा तरी अडवलं नाही असा त्यांत एकही नव्हता. त्यामुळे सर जे म्हणतील त्याला ‘होय सर’ म्हणायची सवय साऱ्या गावाला लागून गेली होती. सर म्हणाले, ही पट्टी मधोमध कापून कोनात जोडली तर भार नीट वाटला जाईल. सलिलला ती जोडल्यावर वाकेल हे दिसत होतं. तो म्हणाला, “होय सर,” आणि कापून दिली. पट्टी वाकली. मग सर दुसऱ्या दिवशी जाड पट्टी घेऊन गेले, तेव्हाही तो ‘होय सर’च म्हणाला, पण ती टिकली. सरांना वाटलं, मुलगा आता विषय समजायला लागला.

तापमापकाचं झाकणावरचं जुनं भोक लहान पडलं, म्हणून सरांनी ते मोठं केलं, तर ते फार मोठं झालं, म्हणून मधे नळाचा वॉशर घातला. तापमापक फॅरनहाइटमध्ये होता. आयुष्यभर मुलांचे एककांचे गुण कापलेल्या माणसाला हे सोसण्यासारखं नव्हतं. त्यांनी काच काढली, सेल्सिअसची तबकडी शाईने कागदावर आखली, आत चिकटवली आणि काच पुन्हा बसवली. अक्षर सुरेख आलं होतं.

गॅसच्या बाबतीत मात्र सर पक्के होते. मस्कतचा रेग्युलेटर आणि नळी काढून त्यांनी इथली नवी बसवून घेतली, आणि प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहिलं. बुडबुडे आले नाहीत, पण एका बाजूची ज्योतही आली नाही. सरांनी दाबातल्या फरकाची तीन कारणं काढली. तिन्ही चुकीची निघाल्यावर बर्नरच्या नळीत तार घातली, तेव्हा कुंभारमाशीचं मातीचं घर ढेकळाढेकळाने बाहेर आलं. हे कारण सरांच्या कुठल्याही पुस्तकात नव्हतं.

राहिली धुराची पेटी. व्हिडिओतले पुरुष तिच्यात सफरचंदाच्या लाकडाचे तुकडे घालत. सरांनी नारळाची सोडणं घातली. नारळ सोलल्यावर उरणारी ही सालं कोकणात घरोघरी न्हाणीच्या चुलीत जातात. पहिल्या चाचणीत सरांनी एक बटाटा धुरावर भाजला आणि काकूंसमोर ठेवला.

काकूंनी चव घेतली. “अंघोळीच्या पाण्याचा वास येतोय,” त्या म्हणाल्या.

“स्मोक फ्लेवर म्हणतात त्याला.”

“म्हणत असतील. आपण त्याला पाणी तापलं म्हणतो.”

घरात मांसमच्छी चालत नव्हती, त्यामुळे फिरत्या सळईवर काय फिरवायचं हा प्रश्न होताच. खोक्यावरच्या चित्रात कोंबडी फिरत होती. तिला दोन्ही बाजूंनी घट्ट धरणारे टोकदार काटेही खोक्यात होते. काकूंनी ते चित्र पाहिलं आणि कोंबडीला टोचायचे ते काटे माझ्या घरात कशालाही टोचायचे नाहीत, असं निक्षून सांगितलं. काटे कोरे आहेत, त्यांनी अजून कोंबडी पाहिलेलीही नाही, हा सरांचा युक्तिवाद चालला नाही. मग सरांनी विचार केला आणि त्यांना उत्तर सापडलं. परसात फणस होता. शिमग्याचे दिवस, कोवळे फणस लागलेले. फणसाला चीक असतो. सळई आरपार घातली की चीक तिला असा धरेल की वेल्डिंग काय धरेल. काट्यांची गरजच नाही. आणि सालीसकट भाजला की काटेरी साल जळेल नि आतला गर स्वतःच्या वाफेवर शिजेल. हा विचार खरोखरच चांगला होता, हे इथे नोंदवलं पाहिजे.

शिमग्याच्या सुट्टीत पुण्याहून सावनी आणि तिचा नवरा गुरुप्रसाद राहायला आले. सावनी एका कंपनीत संगणकावर काम करायची आणि जेवताना खरं बोलायची. आल्या दिवशीच तिने काकूंच्या आमटीत मीठ कमी आहे असं सांगितलं होतं, आणि ते होतं. सरांनी मनाशी ठरवलं, हीच. हिने मागून घेतलं तर मानायचं.

सकाळी त्यांनी परसातून मध्यम आकाराचा फणस काढला. दोघा पाहुण्यांना पडवीत खुर्च्या दिल्या. मग, फणस हाती घेताना या किनाऱ्यावर कुठलाही माणूस जे करतो, तेच केलं. वाटीत खोबरेल तेल घेतलं, हातांना चोळलं, कोयत्याला चोळलं, आणि त्याच ओघात, काही विचार न करता, सळईलाही वरपासून खालपर्यंत चोळलं. लहानपणी आईने लावलेली सवय. तेल लावल्याशिवाय फणसाला कोणी हात लावत नाही, कारण नाहीतर चीक सुटत नाही. आणि सरांची सगळी मांडणी चीक सुटणार नाही यावर उभी होती.

हे त्या क्षणी पडवीत कोणाच्याही लक्षात आलं नाही. सळई फणसात सुळकन गेली. ती किती सहज गेली याचंच सरांना कौतुक वाटलं.

मोटर सुरू केली. फणस फिरू लागला. मस्तपैकी, संथ, देवळातल्या प्रदक्षिणेसारखा. गुरुप्रसादने फोटो काढला. सरांनी झाकण लावलं, सोडणांचा धूर फटींतून येऊ लागला, तबकडीवर काटा चढला, आणि सरांनी शिकवायला सुरुवात केली. झाकण उघडायचं नाही, धूर जातो. फिरण्याचं महत्त्व काय, तर उष्णता सगळीकडे समान लागते. एक बाजू कधी जास्त, एक कमी, असं होऊच शकत नाही. झाकणाबाहेर सळईचं टोक दिसत होतं, ते अखंड फिरत होतं. सर मधूनमधून त्याकडे बोट दाखवत. वर्गात इतके लक्षपूर्वक ऐकणारे विद्यार्थी त्यांना क्वचितच लाभले होते. त्यातला एक पेंगत होता, पण तेही ओळखीचंच होतं.

आत काय झालं ते सांगायला हवं. फणसाचा गाभा वाफेने मऊ पडला, सळईभोवतीचं भोक सैल झालं, तेलाने आपलं काम चोख केलं, आणि फणसाची जड बाजू खाली येऊन थांबली. सळई त्याच्या पोटात गुळगुळीत फिरत राहिली. फणस जागचा हलला नाही.

करपल्याचा वास आल्यावर सावनीने विचारलं, हा असाच येतो का? सर म्हणाले, सालीचा आहे. थोड्या वेळाने काकू आतून आल्या, पदराने नाक धरून, आणि काही न विचारता त्यांनी झाकण उघडलं.

फणसाची खालची बाजू कोळसा झाली होती. वरची बाजू हिरवीगार होती, सकाळी झाडावर होती तशीच. मधून सळई फिरत होती.

सरांनी मोटर बंद केली. त्यांनी सळई ओढली, ती तशीच सुळकन बाहेर आली, आणि तिच्यावरचं चकाकणारं तेल पाहून त्यांना सगळं कळलं. कळायला त्यांना कधी वेळ लागत नसे. फक्त ते नंतर होई.

“समान उष्णता,” काकू म्हणाल्या.

“कमला, पाहुणे आहेत.”

“म्हणूनच. बारा वाजत आले, जेवायला काय घालू त्यांना?” असं म्हणत त्यांनी फडक्यात धरून फणस उचलला आणि आत नेला.

आत त्यांनी तो विळीवर घेतला. कोळसा कापून टाकला, कच्चा भाग गुरासाठी बाजूला काढला. दोन्हींच्या मध्ये एक पट्टा होता, चार बोटं रुंद, जिथे गर वाफेने नेमका शिजला होता आणि धूर आतपर्यंत मुरला होता. तेवढा त्यांनी बोटांनी मोकळा केला. मोहरी, हिंग, सुक्या मिरच्यांची फोडणी, वर मीठ, गुळाचा खडा, ओलं खोबरं. भाजी वाडगाभरच झाली.

पंगतीत सर खाली मान घालून बसले. सावनीने भाजीचा घास घेतला, थांबली, पुन्हा घेतला. मग म्हणाली, “काकू, ही आणखी आहे?”

सरांनी मान वर केली. काकूंनी वाडगा तिच्या पानाशी आणून उरलेली सगळी वाढली.

“काहीतरी वेगळंच आहे यात,” सावनी म्हणाली. “कसली चव आहे ही?”

काकूंनी क्षणभर सरांकडे पाहिलं. “ते यांना विचारा,” एवढंच म्हणून त्या भात आणायला गेल्या.

सर सांगू लागले, धुराबद्दल, सोडणांबद्दल. पण सावनीचं लक्ष तोवर पानात होतं. आणि सरांचंही बोलण्यात नव्हतं. त्यांच्या मनात गणित सुरू झालं होतं.

पाहुणे दुपारी आरे-वारेला समुद्र पाहायला गेले. काकू मागच्या दारी बसून उद्याच्या उसळीचे वाल सोलत होत्या. सर येऊन समोरच्या पायरीवर टेकले. दोन मूठ वाल त्यांनीही सोलले, वाईट. मग म्हणाले, एक करून बघू. उद्या हीच भाजी कर, पण आतल्या गॅसवर, धुराशिवाय. तिला वाढू. पुन्हा मागते का पाहू. प्रयोगाला तुलना लागतेच, त्याशिवाय काही सिद्ध होत नाही.

काकू म्हणाल्या, उद्या डाळिंबी आहे.

मग परवा?

परवा ती माणसं जाणार आहेत.

परसात माडावर कावळा ओरडत होता. काकूंनी सोललेले वाल पातेल्यात टाकले आणि पुढची मूठ घेतली.

“खरं सांग हां,” सर म्हणाले, “तिने परत मागितलं, ते माझ्या धुरासाठी की तुझ्या फोडणीसाठी?”