मिरवणुकीतलं अस्वल

जर्मनीतल्या एका गावात, कडाक्याच्या थंडीत, आम्ही नवराबायको कार्निव्हलची मिरवणूक बघत उभे होतो. बायकोने साडीवर माझा ओव्हरकोट आणि माकडटोपी चढवली होती. लोक हसतील म्हणून ती माझ्यामागे लपत होती. तेवढ्यात अस्वलाचं सोंग घेतलेल्या एकाने तिला पाहून टाळी वाजवली आणि हात धरून मिरवणुकीतच ओढलं.

“अहो, सांगा ना ह्याला, मी सोंग नाही!”

मला जर्मन येत नव्हतं. मी बाजूने धावत राहिलो. पुढच्या चौकात बघतो तर ती दोन्ही हात उंचावून गर्दीला अभिवादन करत होती. लोक हसतील या धाकाने माणूस जन्मभर मागे राहतो, आणि इथे तर सगळे हसायलाच जमले होते.

“चल आता हॉटेलवर,” मी धापा टाकत म्हणालो.

“तुम्ही व्हा पुढे,” ती म्हणाली. “अस्वल एकटं पडेल.”