शनिवारचं सारवण

नव्वदच्या दशकात मढजवळच्या आमच्या शाळेत शनिवारी दोन कामं असत. मुलींनी वर्ग शेणानं सारवायचे आणि मुलांनी मैदानावर खो-खो खेळायचा. याला कुणी अन्याय म्हणत नसे, वेळापत्रक म्हणत.

मी सातवीत होते आणि पळण्यात एकाही मुलाला ऐकत नव्हते. तालुक्याच्या स्पर्धा जुन्नरला व्हायच्या होत्या. मुलींचाही संघ न्यायचा होता, पण सराव शनिवारी, आणि शनिवारी आमचे हात कोपरापर्यंत शेणात. मला मात्र जुन्नरला जायचंच होतं. मी घरी जेवायलासुद्धा उकिडवी बसायचे, खो मिळाला तर पटकन उठता यावं म्हणून.

त्या वर्षी जुन्नरहून नव्या बाई आल्या. त्यांनी मोठ्या गुरुजींना सरळ विचारलं, "मुलं का नाही सारवत?" एवढ्या अवघड प्रश्नावर गुरुजींनी पालकसभा बोलावली. सभेला सगळे बापच आले. आयांना घरची कामं होती.

एक बाप म्हणाला, "पोरींनी जरा पहाटं यावं, म्हंजी खेळायला येळ मिळंल." दुसरा म्हणाला, "फरशीच बसवा ना राव." फरशीवर लगेच एकमत झालं, कारण ती येणार नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. शेवटी बाईंनी लावून धरलं, तेव्हा एक शनिवार मुलांना मिळाला.

"त्यात काय लई अवघड हाय?" म्हणत मुलांनी बादल्या उचलल्या आणि दारापासून सुरुवात केली. सारवताना आतल्या भिंतीपासून निघायचं आणि मागं सरकत दाराशी यायचं, हे आमच्याकडं शेंबड्या पोरीलाही कळतं. हे वीर सारवत सारवत फळ्याखाली पोहोचले आणि मग मागं वळून बघितलं. दारापर्यंत सगळं ओलं.

"पाऊल उमटलं तर सगळं पुन्हा सारवायचं," बाई दारातून म्हणाल्या.

सारवण वाळेपर्यंत मुलं फळ्याखाली दाटीवाटीनं उभी होती आणि मैदान आमचं होतं. मी इतकी पळाले की वेण्या सुटल्या. खिडकीतून ओरडा ऐकू येत होता, "गुरुजी, जमीनच तिरकी हाय!" नाचता येईना, अंगण वाकडं.

पण गुरुजींनी निकाल दिला तो असा: "बघा बाई, हे पोरांचं काम नाही. पुढच्या शनिवारी मुलीच सारवतील."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. काम बिघडवलं की सुट्टी, आणि नीट केलं की ते जन्मभर गळ्यात! त्या रात्री मला भाकरी गोड लागली नाही.

पुढच्या शनिवारी मी बादली घेतली आणि मैत्रिणींना म्हटलं, "आज दारापासून."

गुरुजी आले तेव्हा आम्ही सगळ्या फळ्याखाली ओळीनं उभ्या होतो. ते चपला हातात घेऊन दारातच थबकले.

"अगं, हे काय?"

"गुरुजी, आमाला बी न्हाई जमत," मी म्हटलं.

आमच्या प्रत्येकीच्या घरचं सारवलेलं अंगण गुरुजींनी पाहिलेलं होतं. त्यांच्या मागून आलेल्या बाईंनी पदर तोंडाला लावून भिंतीकडं तोंड केलं. मग गुरुजी म्हणाले, "बरं. एक शनिवार त्यांचा, एक तुमचा. आणि आधी सगळेच शिका."

जुन्नरला आम्ही गेलो आणि पहिल्याच सामन्यात हरलो. परतीच्या एसटीत मी मोठ्यानं रडले. शनिवारी शाळेत आले तर मुलं सारवत होती, आतल्या भिंतीपासून, मागं सरकत. एकानं मान वर केली.

"हरलात ना?"

"हरलो," मी म्हटलं. "तो कोपरा राह्यलाय बघ."